अर्धा सूर खाली

त्या म्हाताऱ्याला तुम्ही घालवलंत, सर. पन्नास वर्षं ज्यानं दुसऱ्यांचे गळे सांभाळले, त्याला तुम्ही वहीच्या एका पानावरून घरी बसवलंत, आणि वर त्याला शिक्षण म्हणालात.

हे वाक्य अंजनाच्या तोंडात तीन आठवडे घोळत होतं. उचगावहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये आधार कार्ड दाखवून बायकांचं फुकटचं, शून्याचं तिकीट घेताना. लॅबच्या काउंटरवर रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना. पण ओठापर्यंत आलं की मागून दुसरं वाक्य येऊन त्याची मानगूट धरायचं: आणि वही कुणाची होती गं?

मग ती पुढची नळी उचलायची. स्वतः चुकलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक दाखवायला तोंड राहत नाही. मोठ्या लोकांचं अर्धं राज्य यावरच चालतं.

तर झालं ते असं.

अंजना ही उचगावच्या भावकू पाटलांची थोरली लेक. वय चोवीस. घरी भात, बटाटा, दोन म्हशी. बाप भजनात पुढं बसणारा, त्यामुळे गळा घरातूनच आलेला. बेळगावात एक संस्था शनिवार-रविवार संगीत नाटकाचा वर्षाचा कोर्स चालवते असं कळल्यावर तिनं गुपचूप फॉर्म भरला आणि निवड झाल्यावर घरात सांगितलं. भावकू म्हणाला, "नाटकात जाणार? जा की. पण गाणं आलं पायजे. नुसती पावडर लावून परत येऊ नकोस."

कोर्समध्ये तीन विषय. गाणं आणि अभिनय, संगीत नाटकाचा इतिहास, आणि मनन. मनन म्हणजे प्रत्येकानं एक वही ठेवायची. तालीम झाली की घरी जाऊन लिहायचं: आज काय ऐकलं, काय केलं, आपलं कुठं चुकलं, का चुकलं. त्याला वीस मार्क. महिनाअखेरीला वही सरांच्या टेबलावर.

सर म्हणजे संस्थेचे संचालक, आणि वर्षाच्या शेवटी होणाऱ्या नाटकाचे दिग्दर्शकही. शिकवायचे झकास, हे कबूल केलंच पाहिजे. इतिहास सांगायला लागले की पंखा बंद पडल्याचंही कुणाला कळायचं नाही. "माइक नव्हता," ते म्हणायचे, "आणि मागच्या रांगेतला माणूसही पैसे देऊन आलेला. त्याच्यापर्यंत शब्द पोचला पाहिजे, म्हणून पट्टी वर. तीन-तीन तास गळा टिपेला लावून उभे राहायचे ते लोक!" अंजनाच्या अंगावर काटा यायचा. मग सर टेबलावर बोट आपटून नियम सांगायचे: "आपल्या नाटकात राणीची सगळी पदं काळी पाचमध्येच होतील. ठरलेली पट्टी सोडायची नाही. परंपरा म्हणजे सोय नव्हे."

काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तिला सा धरून गायचं. एखादं पद कुणीही म्हणेल, पण राणीला पदं होती अकरा, आणि त्यातली निम्मी वरच्या सुरात रेंगाळणारी.

माइक आता होते. एक नाही, सहा. तरी पट्टी वरच का, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. अंजनानंही नाही.

राणीचं काम नीलम कांबळेला मिळालं होतं. नीलम निपाणीची, तिशीतली, तिथल्या पीयू कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवणारी. तिच्या आजीनं तंबाखूच्या वखारीत जन्म काढला, वडील बुद्धप्रिय कांबळे बँकेत मॅनेजर होऊन रिटायर झाले. लेकीचं नाव पोस्टरवर आल्यावर त्यांनी त्या पोस्टराच्या वीस प्रती मागून नेल्या आणि निपाणीत ओळखीच्या प्रत्येक दुकानात स्वतः चिकटवल्या. संस्थेच्या नाटकात त्यांच्या समाजातलं कुणी आजवर राणी झालेलं नव्हतं. दासी झालेलं होतं.

अंजनाला राणीच्या सखीचं काम होतं. दोन ओळींचं एक पद, बाकी तबक धरून उभं राहायचं. शिवाय ती नीलमची बदली. म्हणजे नीलम आजारी पडली तर अंजना राणी. त्यासाठी अकराच्या अकरा पदं तिनं पाठ केली होती, गोठ्यात म्हशींपुढं म्हणून झाली होती, आणि नीलम काही आजारी पडत नव्हती.

ऑर्गनवर कल्लाप्पा. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पंचाहत्तरीचे, तेही निपाणीचे. तरुणपणी फिरत्या नाटक कंपन्यांत पेटी वाजवलेली, मग लग्नाकार्यात, मग शाळेत. शनिवारी सकाळच्या बसला नीलम खिडकीची जागा धरून ठेवायची आणि आप्पा तिच्यासाठी बायकोनं, जयाबाईंनी, बांधून दिलेली भाकरी आणायचे. तबल्यावर मारुतीराव. हा माणूस आठवड्यातून फार तर चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन चहावाल्याशी.

एकदा चहाच्या वेळी अंजनानं आप्पांना विचारलं होतं, "आप्पा, इतकी वर्षं ह्या पेटीमागं बसलासा, कधी पुढं येऊन गावंसं वाटलं न्हाय?"

"गेलतो की एकदा," आप्पा म्हणाले. "लोकांनी वन्स मोअर दिला."

"खरंच?"

"व्हय. म्हणाले, परत मागं जा."

सगळे हसले. नीलमला हसताना खोकला आला आणि ती बराच वेळ खोकत राहिली. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. अंजनाच्या आलं.

नाटकाला महिना उरला होता. त्या रविवारी पूर्ण नाटकाची तालीम होती. अंजना पडद्याच्या कडेला, विंगेत बसली होती. तिची एक खोड होती: एका कानात इयरफोन घालायचा, मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप काळी पाचला लावायचं आणि नीलम गाताना आपण ओठ मिटून सोबत गुणगुणायचं. पहिला अंक बरोबर गेला. दुसऱ्या अंकात राणीचं मोठं पद सुरू झालं आणि अंजनाच्या दोन कानांत भांडण लागलं. मोबाइल एक सांगत होता, ऑर्गन दुसरं. तिला वाटलं, मोबाइल बिघडला. तिनं अ‍ॅप एक घर खाली आणलं, पांढरी सहावर. भांडण मिटलं.

अर्धा सूर. आप्पांनी अर्धा सूर पट्टी उतरवली होती. इतक्या बेमालूमपणे, की समोर खुर्चीत बसून हातानं ताल धरणाऱ्या सरांनाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या अंकात ती डोळे फाडून बघत बसली. राजा-प्रधानाचं लांबलचक बोलणं चालू असताना आप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला. तेवढ्यावर मारुतीरावांनी तबला जुळवायची हातोडी उचलली आणि पायात काही टोचल्यासारखे वाकून तबल्याच्या कडेवर टकटक केली. पुढचं पद काळी चारवर. पूर्ण एक सूर खाली. नीलम डोळे मिटून गायली, गळ्याची शीर फुगली नाही, आणि सर म्हणाले, "वा! आज भाव आला!"

अंजनाला पहिल्यांदा वाटलं ते कौतुक. किती सफाईचं काम! तीन माणसांचा कारभार, एक शब्द न बोलता. आणि त्याच कौतुकाच्या पाठोपाठ, अगदी एका श्वासात, दुसरं काहीतरी वर आलं. त्याला मत्सर म्हणा. तिनं त्या रात्री त्याला प्रामाणिकपणा म्हटलं.

कारण मागच्या दोन महिन्यांत तिच्या वहीवर सरांनी शेरे मारले होते: "वरवरचं." "प्रामाणिकपणे लिहा." वीसपैकी नऊ, वीसपैकी दहा. आता तिच्याकडे लिहायला खरं काहीतरी होतं.

तिनं लिहिलं: "आज माझ्या कानाची परीक्षा झाली. दुसऱ्या अंकातलं राणीचं पद काळी पाचमध्ये नव्हतं. ऑर्गनची पट्टी अर्धा सूर उतरवली होती, तिसऱ्या अंकात आणखी अर्धा. सुरुवातीला मला वाटलं माझंच चुकलं. मग कळलं की आपण ऐकलेल्यावर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे."

इथं थांबली असती तर आज तिला झोप लागली असती. मारुतीरावांच्या हातोडीचं तिनं लिहिलं नाही. त्या गरीब माणसाला कशाला मध्ये घ्या, असं तिला वाटलं. म्हणजे कुणाला मध्ये घ्यायचं आणि कुणाला सोडायचं हे तिला पक्कं कळत होतं. मग पेनाचं टोपण लावता लावता तिनं ते परत काढलं आणि एक ओळ जादा लिहिली:

"मला काळी पाच सहज लागते."

पुढच्या शनिवारी वही परत आली. वीसपैकी एकोणीस. शेरा: "हे खरं मनन." आणि त्या शेवटच्या ओळीखाली लाल रेघ.

सरांनी वर्गात ते पान मोठ्यानं वाचलं. "नाव घेत नाही," म्हणाले, "पण मननवही कशी लिहावी याचा हा नमुना." पण कव्हरावरून वही अंजनाची हे सगळ्यांना कळलं. त्यांनी पहिल्या वाक्यापासून वाचलं, ठासून, थांबत थांबत. शेवटची ओळ वाचली नाही. विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे, इथंच वही मिटली.

वर्गात चौदाजण होते. चौदांनी मिळून ऑर्गनकडे पाहिलं. आप्पा त्या वेळी रुमालानं पट्ट्या पुसत होते. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "व्हय सर. मी उतरिवली."

"का?"

नीलम उठली. "माझ्या गळ्यात गाठ आलीय, सर. आवाजाच्या तंतूवर, बारकी. कॉलेजात दिवसाला पाच तास बोलते मी. डॉक्टर म्हणाले ताण नको, बरी होईल. आप्पांनी माझ्यासाठी केलं. मी मागितलंही नव्हतं."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "गळ्याला विश्रांती द्या. राणी अंजना करेल. आणि आप्पा, तुमचंही वय झालं. निपाणीहून येण्या-जाण्याची दगदग कशाला? मी दुसरी व्यवस्था करतो."

आप्पांनी ऑर्गनचं झाकण लावलं. पायातल्या चपला शोधायला त्यांना वेळ लागला, कारण एक ऑर्गनच्या खाली गेली होती. चौदांपैकी तेराजण वाकले नाहीत. नीलमनं काढून दिली.

जाताना नीलम अंजनाजवळ थांबली. "आम्हाला काढायला लोकांना कारण लागत नसतं," ती हळू म्हणाली. "तू मात्र नीट शुद्धलेखनात कारण काढून दिलंस."

अंजना म्हणाली, "मी नाव लिहिलं न्हवतं, आक्का."

"तेच तर."

झालं. अंजना राणी झाली. घरी बापानं म्हशींना जादा पेंड घातली. लॅबमधल्या पोरींनी केक आणला. तिनं केक कापला आणि तोंड गोड करून सगळ्यांना हसून दाखवलं. रात्री पाठ टेकली की तिला फक्त ती चप्पल दिसायची.

दोन शनिवार गेल्यावर, बुधवारी तिनं लॅबमधून रजा काढली आणि निपाणीची बस धरली.

आप्पांचं घर एका जुन्या वखारीच्या मागच्या बोळात. दार उघडंच होतं. आप्पा ओट्यावर कुणाच्यातरी पेटीचा भाता खोलून बसले होते, तोंडात दोन खिळे. तिला बघून त्यांनी खिळे काढले.

"ये गं. सरकून बस, डिंक सांडलाय तिथं."

आतून जयाबाई आल्या. कमरेवर हात. "कोण ही?"

"अंजना. कोर्सातली."

"ती वहीवाली?" जयाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "बरी दिसतीस की गं. मला वाटलं काय शिंगं-बिंगं असतील."

"जया, साकू," आप्पा कन्नडमध्ये म्हणाले. म्हणजे पुरे.

"साकू काय? शनवारचा दिस उजाडला की हा मनुष्य चार वाजता उठून बसतोय. भाकरी बांधू नको म्हणून मलाच सांगतोय आणि पिशवी घेऊन बसतोय, नऊला परत खुंटीला लावतोय. सांगा की तिला. का तिच्या वहीत बसत न्हाय ते?" असं म्हणून जयाबाई आत गेल्या, आणि आतूनच ओरडल्या, "साखर किती घालू गं?"

अंजना डिंक टाळून ओट्यावर टेकली. "चुकलं, आप्पा," ती म्हणाली. "मला वाटलं न्हवतं असं होईल."

आप्पा भात्याच्या कातड्याला डिंक लावत राहिले. "एक सांगू? मला त्या दिवशी राग आला, पण आनंदबी झाला. पन्नास वर्षांत किती जणांच्या पट्ट्या उतरिवल्या मी. लोंढा जंक्शनला कंपनीच्या ट्रंकांवर रातभर थंडीत बसलेलो आमी, हुबळीच्या गाडीची वाट बघत. दुसऱ्या दिवशी आमच्या बाईंचा गळा बसला. तिकिटं इकलेली. तवा पयल्यांदा उतरिवली. मालकाला कळलं न्हाय, लोकांस्नी कळलं न्हाय. बाईंना तेवढं कळलं. तिनं खेळ झाल्यावर पेटीला हात लावून नमस्कार केला, मला न्हाय हां, पेटीला. बास. त्येच्यावर कधी बोलणं न्हाय. उतरिवणारा सांगत न्हाय, गाणारा इचारत न्हाय, हीच रीत. एवढ्या वर्षांत पयल्यांदा कुणाच्या तरी कानाला कळलं. तुज्या. कान हाय तुला, पोरी."

हे ऐकण्यापेक्षा त्यांनी तोंडात मारली असती तर अंजनाला सोसलं असतं.

"पण आयकलेलं सगळं बोलायचं नसतंय," आप्पा म्हणाले. "सायब इतिहास शिकिवतात तुमाला. कोण गायलं, किती वरच्या पट्टीत गायलं, सगळं पुस्तकात हाय. कुणाचा गळा कुणी झाकला ते पुस्तकात न्हाय. ते जर नसतं तर बाकीचं पुस्तक झालंच नसतं." मग त्यांनी सहज विचारलं, "आणि काय लिवलं हुतंस त्या पानावर?"

चहाचा कप हातात होता. साखर जास्त झाली होती, जयाबाईंनी रागानं घातलेली.

"एवढंच," अंजना म्हणाली. "जेवढं सरांनी वाचलं तेवढंच."

खोटं. साफ, धुतलेलं खोटं, आणि तेही त्या माणसाच्या ओट्यावर बसून. आप्पांनी मान डोलावली. त्यांना खरं वाटलं. निघताना त्यांनी दुसऱ्या अंकातल्या पदाची एक जागा तिला म्हणून दाखवली, "हितं श्वास चोरून घे, मंजे वरचा सूर घाबरणार न्हाय" म्हणून. परतीच्या बसमध्ये ती सबंध वाट रडली. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं काय? ती म्हणाली, न्हाय, हाईत. घरी बसलेत.

आप्पांच्या जागी सांबऱ्याचा सौरव आला. पोरगा चांगला, हात तयार, समोर इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. ऑर्गन कोपऱ्यात गेला, त्यावर पोस्टरांचे गठ्ठे ठेवले.

पहिले दोन आठवडे पदं सुटी सुटी झाली, आणि सुटं पद अंजनाला सहज लागत होतं. वहीत लिहिलं तसंच. मग नाटकाला सहा दिवस राहिले असताना सलग तालीम लागली. सलग म्हणजे अकरा पदं, मध्ये पळणं, रडणं, सोळा हात लांब शालू सांभाळणं. सातव्या पदाला तिचा गळा कोरडा पडला. आठव्याला वरचा सूर काठावरून घसरला. तिनं परत घेतला. परत घसरला. तिसऱ्यांदा सूर आलाच नाही, नुसती हवा आली.

तेव्हा तिला कळलं की सहज लागतं हे तिनं म्हशींपुढं ठरवलं होतं. नीलम महिनोन्‌महिने गाठ घेऊन हे ओढत होती.

सर खुर्चीतून उठले. घड्याळ पाहिलं. पोस्टर लागलेली, हॉल ठरलेला, पाहुण्यांना पत्रं गेलेली.

"सौरव," ते म्हणाले, "एक खाली घे."

सौरवनं एक बटण दाबलं. आवाजही झाला नाही. चष्मा कपाळावर न्यावा लागला नाही, पन्नास वर्षं लागली नाहीत.

"हं. घे अंजना. आठवं पद."

अंजना उभीच. मारुतीरावांनी हातोडी उचलली होती, ती तशीच हातात राहिली.

"अंजना?"

"आता ही कुठली पट्टी झाली, सर?"

"पांढरी सहा. चालेल. घे."

"आप्पांनी हीच घेतली होती."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सर दोन पावलं पुढं आले. "हे बघ, त्यांनी लपवून केलं. हा दिग्दर्शकाचा निर्णय आहे. दोन्हींत फरक आहे. तू शिकाऊ आहेस, तुला कळेल हळूहळू."

"फरक आहे," अंजना म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, त्यामुळे मोठ्यानं बोलायला तिला जोर लावावा लागला आणि बोलणं ओरडल्यासारखं झालं. "आप्पांनी नीलमआक्काची लाज राखायला लपवलं. तुम्ही माझी ओळ कशाला लपवलीत?"

"कुठली ओळ?"

"त्या पानावरची शेवटची. मला काळी पाच सहज लागते. मी लिहिलं होतं ते." ती वर्गाकडे वळली. "तुम्हाला कुणाला वाचून दाखवली नाही. मनन-बिनन काही नव्हतं ते. मला राणी व्हायचं होतं, म्हणून लिहिलं. आप्पांच्या घरी जाऊन, त्यांचा चहा पिऊन, त्यांच्या तोंडावर खोटं बोलले मी की एवढंच लिहिलंय म्हणून. हे माझं. ह्याला मीच जबाबदार." मग परत सरांकडे. "पण तुम्हाला ते वाचल्या वाचल्या कळलं होतं, सर. लाल रेघ मारलीत तिच्याखाली. मार्क दिलेत. मी चुगली केली आणि तुम्ही तिला एकोणीस मार्क दिलेत."

"अंजना, तुझा गळा दमलाय आणि डोकंही. पाच मिनिटं बस."

तेव्हा मारुतीरावांनी हातोडी खाली ठेवली. "सर," ते म्हणाले, आणि सगळे चमकले, कारण त्यांचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. "तबला मी उतरिवलता त्या दिवशी. पेटी एकटी उतरून चालत न्हाय. तबलाबी उतरावा लागतोय. एवढं तर आपल्याला ठावं असणार. मला कुणी इचारलं न्हाय, मी बोललो न्हाय. मला काढायचं तर काढा."

सरांनी कपाळ चोळलं. तबलजी गेला तर सहा दिवसांत दुसरा कुठून आणायचा, हे हिशेब त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

"नीलमला परत घ्यायचं म्हणतेस का? तिचा गळा—"

"मी काल फोन केला होता त्यांना. तासभर बोलल्या, म्हणजे त्याच बोलल्या, मी ऐकून घेतलं. त्यांना यायचं नाही. डॉक्टरांनी दोन महिने गाऊ नको म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, माझं जाऊ दे, आप्पांचं काय ते बघ. माफी-बिफी मागत बसू नको, त्यांची खुर्ची परत आण."

कोपऱ्यातल्या ऑर्गनवर पोस्टरांचे गठ्ठे तसेच होते. सौरव आपण होऊन उठला आणि एकेक गठ्ठा उचलून खाली ठेवायला लागला. सर म्हणाले, "सौरव, बस जागेवर." सौरवनं हातातला गठ्ठा खाली ठेवला, पण बसला नाही.

"ठीक आहे," सर म्हणाले. "तुमच्या भावना पोचल्या. बघू. प्रयोग होऊन जाऊ दे, मग शांतपणे बसून बोलू."

"प्रयोग झाल्यावर काय बोलणार? त्यांच्याशिवाय झालेलं नाटक त्यांना परत आणून देणार?" अंजनानं शालूच्या ओच्यात खोचलेला मोबाइल काढला. "आणि मार्क काढायचे तर काढा माझे, वीसच्या वीस काढा. राणी दुसऱ्या कुणाला द्या, मी तबक धरून उभी राहते. पण आप्पा शनवारी पहाटे चारला उठून पिशवी घेऊन बसतात आणि नऊला ती पिशवी परत खुंटीला लावतात. नंबर लावलाय बघा मी, तिकडं वाजायला लागलंय. जे घालवताना चौदाजणांसमोर बोललात, ते आता चौदाजणांसमोरच बोला. त्यांना बोलावताय का न्हाय, सर? बघू नको. व्हय का न्हाय, तेवढं सांगा."